राणीची उडी: रुंदी एक फूट दोन इंच

३ मार्च

चि. चिऊस, अनेक आशीर्वाद.

एकोणीस लाकडी फलक, बुरुजावरचा कठडा, किल्ल्याची प्रतिकृती (छप्पर उचललं की आतलं दिसतं) आणि तिकीटघराचं दार. सगळं या दोन हातांनी केलं. शिकवायला कुणी नव्हतं. आता विसावा फलक लावलाय. उत्तर तटातल्या ज्या भोकातून राणीने उडी मारली म्हणून लोक डोळे पुसतात, ते मी मोजलं. रुंदी एक फूट दोन इंच. चिऊ, तो शौचकूप आहे! खात्रीसाठी स्वतः आत शिरलो. कमरेशी अडकलो, तिकीटवाल्याने पाय धरून ओढलं. म्हणजे सिद्ध झालं. तुझ्या यजमानांना, म्हणजे किल्ला समितीच्या अध्यक्षसाहेबांना, नमस्कार सांग.

लोभ कर, पण तपासून.

तुझा दादा

११ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

बातमी ऐकून हे भरल्या ताटावरून उठले. म्हणतात, आठवड्यात गर्दी निम्मी झाली. जे येतात ते भोकासमोर नाक दाबून फोटो काढतात. समितीला तो फलक नकोय, आणि तुझं रखवालदारीचं नेमणूकपत्र याच महिन्यात नवं व्हायचंय.

एक सांगू? रागावू नकोस. मी सात वर्षांची असताना त्या भोकात चढत होते. तू म्हणालास, इथून उडी मारलेली राणी पाय ओढते. मी ते वर्गभर सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं, तिथून ते समितीच्या पुस्तिकेत गेलं. आणि पुस्तिकेवरून सातवा फलक रंगवला कुणी? तूच!

तब्येत सांभाळ, हट्ट थोडा कमी सांभाळ.

तुझी चिऊ

१९ मार्च

चि. चिऊस, अ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग जुन्या वह्या काढल्या. तू सात नव्हतीस, साडेसहा होतीस. बाकी सगळं खरं. जन्मभर भल्याभल्यांच्या चुका काढल्या, आणि सुटली ती माझीच थाप. सातवा फलक उतरवला. विसाव्यावर ओळ वाढवली: राणीची गोष्ट फलक करणाऱ्याने अकराव्या वर्षी रचली, बहीण पडू नये म्हणून. काल एक आजी ती वाचून डोळे पुसत होत्या. त्यांनाही मी रुंदी सांगितली.

किल्ल्या तिकीटवाल्याकडे दिल्यात. लाकडी कठड्याला दरवर्षी तेल लागतं, एवढं यजमानांना सांग. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा दादा

ता. क. यजमानांचा निरोप पोहोचला होता: विसावा फलक काढा, कायमची नोकरी आणि राहायला खोली घ्या. नाही म्हणून कळवलंय. पगार होता दरमहा बावीस हजार.