वरचा दात

४ जानेवारी, रविवार

आणि परत तेच. तुम्हाला तिथं बसून काय कळणार म्हणे. यात कळायचंय काय? रेवाला दात येतायत. आठ महिन्यांच्या पोरीला दात येणार नाहीत तर काय दाढी येणार? असं मी बोललो, तर नयना म्हणाली, दुपारचे चार तास तिला खांद्यावर घेऊन उभं राहा, मग विनोद करा. फोन कट. गावाकडं रेंजचा लई प्रॉब्लेम आहे.

डायरी नवीन आहे म्हणून लिहून ठेवतो. सराफ लोकांनी दुकानाला दोन फुकट दिल्या, एक राजाभाऊंनी ठेवली, एक मला. राजाभाऊ म्हणजे नयनाचे थोरले भाऊ आणि माझे शेठ. आमचं चंदीगडला गलाईचं दुकान, सोनं-चांदी वितळवून साफ करायची आणि टंच काढून द्यायचा, म्हणजे शंभरात खरं किती ते सांगायचं. मी घरचा जावई, म्हणून ते मला दाजी म्हणतात, अहोजाहो करतात. दाजी, भट्टी पेटवा. दाजी, झाडून घ्या, पण कचरा बाहेर टाकू नका, त्यात चांदी असते. मान आहे.

संकल्प. तंबाखू बंद. फोनवर आवाज चढवायचा नाही. रेवाचा पहिला दात समोर बसून बघायचा. बारशाला बघितली तेव्हा बारा दिवसांची होती. २४ तारखेचं तिकीट काढलंय, दिल्ली ते मिरज, स्लीपर, कन्फर्म. दात तोवर थांबेल. माझी पोरगी आहे, समजूतदार असणार.

६ जानेवारी, दुपारी दीड

लाळ गळते, हाताला येईल ते चावते, जेवत नाही, कुणी खाली ठेवलं की रडते. नयनाचा उजवा हात भरून आलाय. मी डबा खाता खाता मोबाइलवर सात व्हिडिओ बघितले. आता मला या विषयातलं बहुतेक सगळं कळतं.

नयनाला फोन केला, गाजर थंड करून चावायला दे. ती म्हणाली, तुकडा मोडून घशात अडकला तर? मी म्हणालो, तू धरून बस. ती म्हणाली, आणि भाकरी कोण थापणार, तुमचा व्हिडिओ? फोन कट. रेंज.

तंबाखू एकदाच खाल्ली. टेन्शन होतं.

८ जानेवारी

धुकं. समोरचं दुकान दिसत नाही, गिऱ्हाईक नाही. डोकं मोकळं असलं की मला सुचतं. बाळाला चावायला चांदीची कडी! अख्ख्या चंदीगडात चांदी माझ्याएवढी कुणाला कळते? राजाभाऊ सोडून. लग्नातली माझी साखळी आहे, ती वितळवून गोल, गुळगुळीत कडी ओतायची. बाजारातल्या प्लास्टिकवर माझा भरवसा नाही.

नयनाला सांगितलं नाही. सरप्राइज.

११ जानेवारी, रविवार

राजाभाऊ सेक्टर १७ ला गेले होते. भट्टी पेटवली, साखळी घातली, कडी ओतली, दोन तास घासली. अशी चमकते की तिच्यात तोंड दिसतं. दुकानासमोर गुरमेल पाजींची चहाची गाडी आहे, त्यांना दाखवली. ते म्हणाले, वाह जी, बैलाला घालणार का? पंजाबी लोकांना नाजूक काम कळत नाही. जरा जाड झाली आहे, ते खरं.

१२ जानेवारी

राजाभाऊंनी कडी बघितली. उचलून टंचाच्या मशीनवर ठेवली. एकाहत्तर.

साखळी अठ्ठ्याण्णवची होती. मग त्यांनी विचारलं, मूस कुठली घेतली? मूस म्हणजे आमचं वितळवायचं भांडं. मी कोपऱ्यातली घेतली होती. ती कचऱ्याची निघाली. वर्षभराचं झाडलेलं त्यात वितळवतात, तांबं, जस्त, शिसं, सगळं तिच्या अंगाला लागलेलं असतं.

राजाभाऊंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, "दाजी, दुसऱ्याच्या मालाचा टंच काढता आणि भाचीच्या तोंडात शिसं घालता?"

कडी त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. साखळीपण गेली.

चूक मुशीची आहे. त्यांनी तिच्यावर खूण करायला पाहिजे होती. (खूण आहे. लाल रंगाची. धुक्यामुळं दुकानात उजेड कमी होता.)

१४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल. रेवाचं बोरन्हाण झालं. हलव्याचे दागिने घातलेले, काळं झबलं, आणि ही भोकाड पसरून रडतेय. नयनानं तिला मांडीवर आडवी घेतली होती. तोंड उघडलं आणि मला दिसलं. पांढरं. तांदळाच्या कणीएवढं.

दात! सगळ्यात आधी कुणाला दिसला? चंदीगडातून, मला. माझ्या आईला नाही, नयनाला नाही. तिथं बायकांचा गलका होता, कुणी ऐकलंच नाही.

राजाभाऊंना तिथल्या तिथं सांगितलं, दात आला, वर आला. ते भट्टीजवळून उठले आणि स्टुलावर बसले. म्हणाले, वरचा? आधी? तेव्हा मला आठवलं. आमच्याकडं वरचा दात आधी आला की मामाला जड. मामानं चांदीची वाटी घेऊन स्वतः जायचं, वाटीत तेल घालायचं, त्यात भाच्याचं तोंड बघायचं, मग दोष जातो. राजाभाऊंना बीपीची गोळी आहे. त्यांनी दोनदा विचारलं, नीट बघितलंत ना?

मी म्हणालो, "पक्का. माझ्या पोरीचा दात मला कळत नाही?"

१५ जानेवारी

नयनाचा सकाळी दहालाच फोन. रेवाला ताप, कान धरून रडते, विट्याला डॉक्टरकडं नेऊ का? मी समजावलं, दात येताना ताप येतोच, सात व्हिडिओंत सांगितलंय. एसटीच्या धक्क्यात कुठं नेतेस. आईपण तेच म्हणाली. नयना म्हणाली, तुम्ही म्हणताय म्हणून थांबते. म्हणजे ऐकते माझं. फक्त विषय नीट मांडता आला पाहिजे.

१६ जानेवारी

राजाभाऊ जाणार. विमानानं पुण्याला, तिथून गाडी करून. दोघांनी एकदम जायचं तर दुकानाला कुलूप, आणि लग्नसराईत लोकांचा माल आत असताना कुलूप लावता येत नाही. घरचं माणूस दुकानात पाहिजे. मी स्वतःहून म्हणालो, जा तुम्ही. (त्यांनी बॅग भरली होती.)

वाटी त्यांनी विकत आणली. टंच मी काढला. अठ्ठ्याण्णव.

ते २२ ला परत येणार, मी २३ ला सेक्टर ४३ वरून दिल्लीची बस धरणार. काही बदललेलं नाही. उलट बरंच झालं, नयनाला आठवडाभर माझ्या वतीनं हक्काचा माणूस मिळाला. मी असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी माणूस मागितला नव्हता. तुम्हाला मागितलं होतं."

रेंज चांगली होती.

१८ जानेवारी, रविवार

राजाभाऊ काल दुपारी पोचले. मला आज सांगितलं. लिहायची इच्छा नाही, पण डायरी आहे म्हणून लिहितो.

दात खालचा आहे. संक्रांतीला नयनानं रेवाला मोबाइलच्या बाजूला डोकं करून आडवी घेतली होती, म्हणजे मी पोरगी उलटी बघितली. राजाभाऊंनी तिला सरळ धरून दाखवली. खाली, मधोमध. ते हसले नाहीत. मला वाटलं होतं, हसतील.

ताप दाताचा नव्हता. घरात पाय ठेवला तेव्हा पोरगी त्यांना तव्यासारखी लागली, तसेच गाडीत घालून विट्याला घेऊन गेले. कान आतून पिकला होता. डॉक्टर म्हणाले, इतका ताप दातानं येत नाही, दोन दिवस का थांबलात? नयनानं माझं नाव सांगितलं नाही. औषध चालू आहे. रात्री झोपली.

तंबाखूचा हिशोब आज ठेवला नाही.

१९ जानेवारी

ताप उतरला. गुरमेल पाजींना सगळं सांगितलं, दाताचं, कानाचं, कडीचं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "दांत तो अपने टाइम पे आ गया, तू कब जाएगा?" मी म्हणालो, चोवीसला, पक्का.

दुपारी नयनाचा व्हिडिओ कॉल, आपणहून. रेवा राजाभाऊंच्या खांद्यावर. त्यांच्या मिशा ओढते आणि हसते, तो एक दात दाखवून. मी म्हणालो, रेवा, बाबा. तिनं माझ्याकडं बघितलं, ओठ काढले आणि मामाच्या गळ्यात तोंड खुपसलं. नयना म्हणाली, नवीन माणसाला भिते.

मी म्हणालो, मोबाइलचा कॅमेरा जुना आहे, त्यात माझं तोंड काळं येतं.

२१ जानेवारी

डॉक्टरनी २६ ला परत दाखवायला सांगितलंय. राजाभाऊ म्हणाले, दाजी, आता आलोय तर दाखवूनच येतो, तुम्ही दुकान बघा. मी म्हणालो, अर्थात. चार वाजता तिकीट रद्द केलं. अजून दोन दिवस हातात आहेत म्हणून कमी कापले. वेळेत निर्णय घेतल्याचा फायदा.

नयनाला मेसेज टाकला, होळीला नक्की. तिनं अंगठा पाठवला.

२३ जानेवारी

आज बसमध्ये असतो.

नयनाला शेवटी विचारलं, आता रडते का. ती म्हणाली, कमी. मग कशानं थांबली? मला वाटलं डॉक्टरचं काहीतरी असेल. ती म्हणाली, गावातल्या आशाताईंनी सांगितलं होतं, स्वच्छ सुती फडकं उकळायचं, ओलं करून शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये थंड करायचं आणि आपण धरून चावायला द्यायचं. कधीपासून? पाच तारखेपासून. मी म्हणालो, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुम्ही गाजराचं सांगत होतात.

फडकं कसलं घेतलंस? तुमच्या निळ्या शर्टाची बाही. घरी राहिला होता तो. चारपाच कापडं देऊन बघितली, ती फेकून देते. बाही धरून बसते.

बोलायला लागलो असतो तर आवाज चढला असता, आणि संकल्प आहे.

मग ती म्हणाली, एक बाही विरत आली, दुसरी तुमच्या आईंनी कंदील पुसायला घेतली. तिथं एखादा जुना सुती शर्ट असला तर पाठवा. धुऊ नका, मी उकळते.

२४ जानेवारी, सकाळी सात

ट्रंक उपसली. शर्ट पाच. पाचही दुकानात वापरलेले. सोनं साफ करायला आम्ही तेजाब, म्हणजे ॲसिड वापरतो, ते उडतं आणि कापड जळतं. लाल चौकड्याचा त्यातल्या त्यात बरा वाटला, उजेडात धरला तर बाहीला चाळणीसारखी भोकं. पांढऱ्याची कॉलर चांगली आहे, पण त्याला तेजाबाचा वास येतो. तिच्या तोंडात घालायचा आहे. मशीनवर ठेवायला नको, मला नाकानं कळलं.

पाचही परत ठेवले.

नवा घेऊन आठ दिवस अंगात घालून पाठवावा का? पण अंगात घालून जायचं दुकानातच आहे.

दुपारी एक

नयनाला लिहिलं, शर्ट नाही, तिथंच मऊ सुती कापड घे, निळं मिळालं तर निळं. तिकिटाचे परत आले तेवढे पाठवतो. ६८५ रुपये.