वॉकरच्या वहाणा

॥ श्री ॥
कुणकेश्वर,
१४ सप्टेंबर

चि. सौ. शर्मिलास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू म्हणशील, आई फोन सोडून पत्र काय लिहीत बसली. मला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्याने लावावा लागतो, आणि मग तुझे वडील, आपले भाई, खाटेवरून प्रत्येक वाक्याला उत्तर देतात. त्यांच्याविषयी त्यांच्यादेखत काय बोलणार, कपाळ? म्हणून हे कागदावर.

भाई गुरुवारी पुन्हा पडले. घाबरू नकोस, हाड मोडलं नाही. डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला, ऑपरेशन केलेला पायही जागच्या जागी आहे. पण मला बाजूला घेऊन सांगितलं की आता आणखी एकदा पडले तर खाटेवरून उठायचे नाहीत. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दूध उतू जातं, भात करपतो, आणि मधेच उठून मी त्यांचे पाय बघून येते.

सगळा घोळ त्या वॉकरचा. तुझ्या भावाने, कौस्तुभने, मुंबईहून चाकांचा पाठवला होता. तो अंगणातल्या खळ्याच्या उतारावर भाईंना सोडून एकटाच तुळशीकडे धावला. परत केला. मग देवगडच्या मेडिकलमधून साधा आणला, बिनचाकांचा, हलका, घडी होणारा, आपल्याला परवडणारा. त्याच्यावर खळ्यात काय ऐटीत चालतात म्हणून सांगू, जणू एसटीच घेऊन निघालेत. पण घरात आले की गाडी बिघडते. एकदा माजघरात तोल गेला, एकदा देवघरासमोर, आणि गुरुवारी स्वयंपाकघराच्या दारात आडवेच झाले. कसे पडलात विचारलं तर म्हणतात, माझाच पाय सटकला. आता वॉकरला हातही लावत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

कौस्तुभ म्हणतो, स्वस्तातला घेतलात त्याचं हे फळ. तो दिवाळीला येतोय. तोपर्यंत भाई नीट चालू लागले नाहीत तर घराला कुलूप लावून आम्हा दोघांना मुंबईला चौदाव्या मजल्यावर नेणार. त्याचंही काय चुकलं? एकटीने त्यांना उचलणं मला आता होत नाही. पण तिथे ते जगायचे नाहीत ग.

आणि वॉकरची मी हेळसांड करते असं नाही हो. रोज पुसते. बाहेरून आले की उंबऱ्यावरच त्याच्या चारी पायांच्या रबरी वहाणा उपटून काढते, धुते आणि पायरीवर चपलांशेजारी ठेवते. शेण, माती, कोंबड्यांची घाण तुडवून आलेल्या वहाणा देवघरासमोरून नेऊ की काय? भाई चेष्टा करतात, तुझ्या राज्यात वॉकरलासुद्धा अनवाणी यावं लागतं म्हणतात. करू देत चेष्टा.

तुझ्या पाहण्यात न घसरणारा, बेताच्या किमतीचा एखादा असेल तर लवकर कळव. जावईबापूंना नमस्कार, रसिकाला पापा. आईवर जी माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
आई


पुणे,
१९ सप्टेंबर

ती. भाईंस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट तुमच्या नावाने पाठवते आहे. आत विम्याचे कागद घातलेत. आईने विचारलं तर ते दाखवा आणि हे पत्र उशीखाली सरकवा. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे आईशीही बोलणं आलं, म्हणून काल फक्त माझं पत्र येईपर्यंत उठू नका एवढंच ओरडून सांगितलं. तुम्ही बरं म्हणालात, ते इतक्या गरिबीने, की मला रात्रभर तेच ऐकू येत होतं.

भाई, आईच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनतीनदा वाचलं. ती वॉकरची रबरं काढून घेते? आणि त्या उघड्या नळ्यांवर तुम्ही कौस्तुभने बसवलेल्या गुळगुळीत लाद्यांवरून चालता? वॉकर जमिनीला धरून राहतो तो त्या रबरांमुळेच. खळ्यात तुम्ही पडला नाहीत आणि घरात तीनदा घसरलात, त्याचं कारण एवढंच आहे. वॉकर स्वस्त म्हणून वाईट नाही, तो चांगलाच आहे.

आईला हे समजलं नाही हे मी समजू शकते. तिला ती वहाण दिसली, आणि आपल्या घरात वहाण उंबऱ्याच्या आत गेलेली मी जन्मात पाहिली नाही. पण तुम्ही? उभी नोकरी करूळच्या घाटात एसटी चालवलीत. टायर काढलेली गाडी तुम्ही डेपोच्या फाटकापर्यंत तरी नेली असतीत का? तुम्हाला कळलं नाही हे मला पटत नाही. आणि कळूनही गप्प राहिला असाल तर मला तुमचा खरोखर राग आलाय.

मी आईला आजच सगळं लिहिणार होते. कागद काढला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबले. आधी तुम्ही उत्तर द्या. उशीर करू नका, मला इथे काही सुचत नाही.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू द्या.

तुमची
शर्मिला


कुणकेश्वर,
२४ सप्टेंबर

चि. शर्मिलास आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझी आई देवळात गेली आहे, तेवढ्यात लिहितो. अक्षर वेडेवाकडे येईल, खाटेवर बसून लिहितो आहे.

मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तू रागावलीस ते बरोबर आहे.

आता माझे ऐक. पाय मोडून घरी आलो तेव्हा तुझ्या आईने माझे काय काय काढले ते तू पाहिले नाहीस. जी बाई बाजारातून आली तर आंघोळ केल्याशिवाय चुलीकडे जात नाही, तिने माझे भांडे हाताने नेले. तोंड वाकडे केले नाही. मला लाज वाटू नये म्हणून त्या वेळी मुद्दाम गावच्या गजाली सांगत बसायची. तीन महिने तिने आपले सोवळे माझ्यासाठी बाजूला ठेवले होते. मी उठून चालायला लागलो तेव्हा तिला ते परत मिळाले. उंबऱ्यावर बसून ती रबरे धुताना तिचे तोंड बघितले असतेस तर तूही गप्प बसली असतीस. म्हटले, सांभाळून चालू. आणि चाललोही, गुरुवारपर्यंत.

पडलो तेव्हा ती माझे पाय धरून ढसढसा रडली. तिला कसे सांगू की तुझ्या स्वच्छतेने मला पाडले? तिला हे कळले तर ती स्वतःला माफ करणार नाही. माका पडाक भय वाटणा नाय गो. मी पडलंय ता बरा होतला. पण ती मोडली तर तिका कोण सांधतलो?

तुला मास्तरीण केली आहे, तर काहीतरी युक्ती काढ. नाहीच निघाली तर मी कौस्तुभकडे जाईन, चौदाव्या मजल्यावर बसेन. पण तिला कळता कामा नये. हे पत्र फाडून टाक.

तिच्यावर आणि माझ्यावर लोभ ठेव.

भाई


पुणे,
२९ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी इथल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. आधी त्यांनी मलाच झापलं. म्हणाले, तुमच्याकडे बाहेर चिरे आणि माती, आत लाद्या, मग दोन्हीकडे एकच वॉकर कसा चालेल? वडिलांना दोन द्या. एक घरातला, एक खळ्यातला. घरातला उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही आणि बाहेरचा आत आणायचा नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस नक्की आमच्या आईला भेटून आलाय.

घरातला आजच कणकवलीच्या गाडीने पाठवते आहे, तिथून किशोरीमावशी आणून देईल. इथे एक संस्था वापरलेले वॉकर तपासून, नवी रबरं घालून थोडक्या किमतीत देते, तिथून घेतला. मी स्वतः त्याच्यावर भार टाकून चालून पाहिलं. रबरं चिकटवलेली आहेत, ती काढायची नाहीत. ओल्या फडक्याने जागच्या जागी पुसायची. बाहेरच्याचीही तशीच राहू देत, तो पडवीतच उभा राहील, त्यामुळे तुझी जमीन बाटणार नाही. भाई सरळ उभे राहून हात खाली सोडतील तेव्हा वॉकरची मूठ त्यांच्या मनगटाशी आली पाहिजे, नसेल तर पायावरचं बटण दाबून कमीजास्त कर. आणि सुताराला बोलावून दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे ठोकून घे, म्हणजे वॉकर बदलताना आधार राहील.

घरातल्या वॉकरला हळदकुंकू लावलंस तरी माझी हरकत नाही. फक्त त्याला सोवळं नेसवू नकोस, पायात येईल.

भाईंना सांग, मी रागावलेली नाही. कशाबद्दल ते विचारू नकोस, विम्याचं काहीतरी होतं. रसिका आजीला पापा देते. आहे तशी माया राहू दे.

तुझी
शर्मिला


॥ श्री ॥
कुणकेश्वर,
२८ ऑक्टोबर

चि. सौ. शर्मिलास अनेक आशीर्वाद, वि. वि.

दिवाळी गडबडीची झाली म्हणून पत्राला उशीर. कौस्तुभ आला तेव्हा भाई घरातला वॉकर घेऊन दारापर्यंत गेले, दांडा धरून बाहेरच्यावर आले आणि सरळ तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. कौस्तुभ बघतच राहिला. मुंबईचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना एवढंच म्हणाला की तुमचं तुम्ही बघताय ते बरंच आहे, आणि डोळे पुसून गाडीत बसला. तेव्हा तो प्रश्न मिटला, निश्चिंत राहा.

आता दुसरं. तुझ्या डॉक्टरांचं सगळं मला पटलं, पण बाहेरच्याची रबरंही काढू नका हे का, ते काही डोक्यात शिरेना. तो तर आत येतच नाही. मला असं एखादं टोचत राहिलं की चैन पडत नाही, तुला माहीत आहे. परवा भाई खळ्यात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले होते. मी त्यांच्याजवळचा तो वॉकर घेतला, पहिल्यासारखी रबरं उपटली, माजघरात आणला आणि त्याच्यावर भार टाकला. तो लाद्यांवरून असा सटकला की हाताला भिंत लागली म्हणून मी उभी राहिले.

मग तिथेच खाली बसले. शर्मिला, त्यांना मी पाडलं ग. तिन्ही वेळा मीच. पडल्यावर त्यांचे पाय धरून रडले तेव्हा ते मलाच समजावत होते, उगी उगी म्हणत होते, आणि त्यांना सगळं ठाऊक होतं. तुझं पाकीट आलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि विम्याचे कागद वाचून तसं होत नाही, एवढं मला कळतं. त्यांचा इतका राग आला की उठले, म्हटलं जाऊन चांगलं बोलावं, एवढं हाड पणाला लावायला मी कोण लागून गेले तुमची?

रबरं परत बसवून वॉकर बाहेर नेला. माझ्या चाहुलीने ते जागे होऊन उठले, वॉकर घेतला आणि तुळशीला वळसा घालून आले. लहान मुलासारखं तोंड झालं होतं. "बघ गो," म्हणाले, "आता तुका माझी काळजी नको."

मी म्हटलं, नको तर नको, चला पेज जेवायला. दुसरं काही बोलले नाही.

तूही बोलू नकोस. मला कळलंय हे त्यांना कधीच कळता कामा नये. त्यांनी माझ्यासाठी जे एवढं जपलं, ते जपलं गेलंय असंच त्यांना वाटू दे.

आम्हा दोघांवर सारखीच माया कर.

तुझी
आई