चाळीस मिनिटांवरचं गाव

सर, तुम्हाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण इंग्रजीत लिहायला बसले की त्याचं ऑफिसचं पत्र होतं, म्हणून मराठीत लिहितेय. शारजाजवळच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या ऑफिसात मी नवी लागले तेव्हा शिपिंगची कागदपत्रं कशी करायची, हे तुम्ही शिकवलंत. चूक झाली तर ओरडत नव्हतात; कागद माझ्या टेबलावर परत ठेवून नुसते उभे राहायचात. दुपारी पँट्रीत मी पोळी-भाजीचा डबा उघडते, तुम्ही खुबूसच्या रोटीवर ऑलिव्हचं तेल ओतता आणि सांगता, लेबनॉनमधलं तुमचं गाव परक्या सैन्याच्या ताब्यातल्या पट्ट्यात आहे. बहीण इकडे बैरूतला, आई तिकडे गावात. मधल्या नाक्यावरून जायला परवाना लागतो. लग्नाला परवाना, मयताला परवाना. "आईला दात काढायचा असला, तरी आधी सैनिकाला विचारायचं," असं तुम्ही हसून म्हणायचात.

मग तुमच्या आई आजारी पडल्या. डोंगरात थंडी फार, म्हणून शाल घ्यायला तुम्ही मला बर दुबईला मीना बझारात नेलंत. सहा दुकानं पालथी घातली, शेवटी मातकट रंगाची एक तुम्हाला पटली. आठवड्याची रजा घेऊन तुम्ही गेलात. तीन दिवस सकाळपासून नाक्यावर उभे होतात, रोज उत्तर एकच, उद्या या. रजा संपली. परत आलात तेव्हा शाल त्याच पिशवीत होती. "तुझ्या आईला पाठव," म्हणालात. तुम्हाला धीर द्यायचा म्हणून मी बोलून गेले, "सर, मीपण दोन वर्षं आईला भेटले नाही. इथे सगळ्यांचं असंच."

तुम्ही पिशवी माझ्या टेबलावर ठेवलीत. "नाही. तुझी आई लांब आहे. माझी आई त्या नाक्यापासून चाळीस मिनिटांवर होती."

महिन्याभरात त्या गेल्या. बहिणीचा फोन ठेवून तुम्ही समोरचा कागद पुरा तपासलात, सही केलीत आणि मग दार लावून घेतलंत. दुसऱ्या दिवशी सांत्वनाला येणाऱ्यांना तुमच्याकडच्या रीतीने बिनसाखरेची कॉफी द्यायची होती. मी थर्मास भरत राहिले. तेवढंच करता येत होतं.

पुढच्याच वर्षी शारजात तुमचं हृदय बंद पडलं. तुम्हाला जाऊन वर्ष व्हायच्या आत ते सैन्य निघून गेलं. आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर माणसं नाका ओलांडून गावांकडे धावत होती, म्हाताऱ्या बायका त्यांच्यावर तांदूळ उधळत होत्या. मी उभ्यानेच पाहत होते. लेक शाळेतून आली, दप्तर खाली टाकून म्हणाली, "मम्मा, हू आर दे?"

मी म्हटलं, "माहीत नाही गं." आणि तिला हातपाय धुवायला पाठवलं.