ओसरीच्या पुढं

नांदेड, १ डिसेंबर २०२४

ती. बाबांना उज्वलाचा जयभीम. आईलाही सांगा.

"फवारा ओसरीपर्यंतच मार, आत देव हाय." बिलोलीजवळच्या त्या गावात संगप्पा मालकांनी तुम्हाला हे सांगितलं, तेव्हा शाळेला सुट्टी म्हणून मी सोबत होते, भिंतीवर तारीख लिहायचा गेरूचा डबा माझ्या हातात होता. हिवतापाचे सरकारी फवारणी कामगार तुम्ही. ओसरी फवारून तुम्ही पंप उचललात.

परवा तेच वाक्य पुन्हा ऐकल्यासारखं झालं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहिते. त्याच गावच्या वीटभट्टीवरच्या आजाऱ्यांचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत आलंय. हिवतापाचा जंतू सगळीकडे एकसारखा नसतो. ज्वारीसारखे त्याचेही वाण असतात. लस शरीराला एका वाणाचा चेहरा ओळखायला शिकवते. वेगळ्या चेहऱ्याचा आला की ती ओळख अपुरी पडते. म्हणून कुठे कोणते चेहरे आहेत ते शोधून लस बनवणाऱ्यांना कळवायचं, हे आमचं काम.

भट्टीवाल्यांच्या एकेका थेंबात दोन-तीन वाण निघाले. आमचे सर म्हणाले, ही खिचडी काढून टाका, माणसं बाहेरची आहेत, अहवाल स्वच्छ जाऊ द्या. मी सही नाकारली. मार्चनंतर माझी नेमणूक त्यांच्याच हातात आहे, हेही त्यांनी हसत सांगितलं.

जेवण वेळेवर करा, आणि रागावलात तरी दोन ओळी लिहा.

तुमची
उज्वला

शिरूर अनंतपाळ, ८ डिसेंबर

चि. उज्वलास आशीर्वाद. तुझी माय म्हणून राहिली की पोरगी लई वाळली असंल, म्हणून शेंगदाण्याची चटणी पाठवली हाय. नातीला दे, सगळी तूच खाऊ नको.

बाई, सही करून टाक. तुला अर्धंच ठाऊक हाय, पुरं सांगतो. त्या दिवशी म्या भिंतीवर तारखेपुढं "फक्त ओसरी" लिहिलं. साहेब म्हणाले, मालकाला कमीपणा येतो, पुसून "पूर्ण घर" लिही. म्या पुसलं न्हाई. मग झाली बदली किनवटच्या जंगलात. तिथं मलाच हिवतापानं धरलं, अन् इकडं तुझ्या मायनं तुम्हा लेकरांना एकटीनं वाढवलं. म्या खरं लिहिलं म्हणून त्या घरातले डास मेले का? न्हाई.

तुझी धम्मप्रिया अजून शिकून राहिली. माझ्यावानी जिद करू नको. त्या गावात म्या परत पाय ठेवला न्हाई, ठेवणारबी न्हाई.

फिकीर लागली हाय, लवकर कळव.

तुझा बाप
रामकिशन

नांदेड, १८ डिसेंबर

ती. बाबांना जयभीम. चटणी पोचली. धम्मप्रियानं अर्धी फस्त केली, उरलेली मी लपवलीय.

जिद करू नको म्हणालात, आणि त्याच पत्रात ती कशी करायची तेही शिकवलंत. सही केली नाही. नेमणूक गेली तरी करणार नाही.

माणसं बाहेरची म्हणतात ना, म्हणून मी गावात गेले. भट्टीवरचा डास गावात शिरताना कुणाला विचारत नाही. त्याच्या पोटात दोन वाण भेटले की त्यांच्यापासून तिसराच निपजतो. भट्टीचा मालक शिवप्पा, म्हणजे संगप्पांचा नातू, तापानं फणफणला होता. त्याच्या रक्तात भट्टीवरचेच वाण निघाले. सरांसमोर निकाल ठेवला, तर म्हणाले, एकाचं काय घेऊन बसलात? घरातल्या बाकीच्या आजाऱ्यांचं दाखवा.

त्या घरात आता शब्द चालतो तो शिवप्पाच्या आईचा, भामाबाईंचा. काठी टेकत त्या ओसरीवर आल्या, माझ्याशेजारी बसल्या आणि गेरूचा डबा धरणारी पोर तूच का, असं विचारलं. मग म्हणाल्या, त्या दिवशी हाच शिवप्पा आतल्या खोलीत तापानं पडला होता, पण सासऱ्यापुढं माझं तोंड उघडलं न्हाई. आता घर माझं हाय, आधी तुझ्या बापाला माजघरात आणून बसव, मग कुणाचं घ्यायचं त्याचं रक्त घे. मी म्हटलं, बाबा यायचे नाहीत. तर म्हणाल्या, तू विचार तरी.

म्हणून विचारतेय. तुमचं उत्तर मला पाठ आहे. आई तर हे वाचतानाच मान हलवेल. चिडा, पण माया पातळ करू नका. रविवारी सकाळी उदगीरहून देगलूरची एसटी धरा, तिथून बिलोलीची. मी बिलोलीच्या स्टँडवर थांबते. बाबा, एकदा त्या ओसरीच्या पुढं या.

तुमची
उज्वला