क्रमांक तीनचा आवाज

१६ नोव्हेंबर, दुपार

प्रिय खाला,

सलाम. तुझी तब्येत बरी असेल, गुडघे फार छळत नसतील, असं धरून चालते. इकडे सगळे ठीक. माझ्या धाकट्या मुलीला चष्मा लागला आणि ती स्वतःला प्राध्यापक समजू लागली आहे.

घरात आपण उर्दूच बोलायचो, पण तू शाळेत मराठी शिकवायचीस आणि भाचीनं पत्र मराठीतच लिहायचं ही तुझी अट होती. सुट्टीतली माझी पत्रं तू लाल शाईनं खुणा करून परत पाठवायचीस. 'तब्येतीची चौकशी चार ओळींच्या वर नेऊ नये, माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं,' असा शेरा एकदा मारला होतास. चार ओळी केव्हाच झाल्या.

अब्बांना जाऊन आज सव्वीस दिवस झाले. सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, अर्धा चहा तसाच राहिला. माझ्या नवऱ्यानं तुझ्या शेजारी निरोप दिला, तो पोचला हे मला माहीत आहे. त्याच दिवशी दुपारी, निरोप पोचायच्या आधी, तुला एक फोन आला होता आणि पलीकडून कोणी बोललं नव्हतं. ती मी होते. तू नुसतं 'हॅलो, कोण?' म्हणालीस. तुझा आवाज आता अगदी अम्मीचा झालाय, खाला. मी फोन ठेवून दिला.

तू आली नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही. चोवीस वर्षं तू या घराची पायरी चढली नाहीस, त्या दिवशी तरी का चढावीस?

सध्या मी त्यांची खोली आवरतेय. सोमवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा माणूस कागद न्यायला येणार आहे. चिठ्ठ्यांचे एकशे सात खोके निघाले, बहुतेक चपलांचे. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो कोणी वापरला, कधी, काय करताना. 'पीठ चाळताना, मुलावर रागावून' असंही लिहिलंय. एका शिंप्याच्या मुलानं जुन्या कवींच्या भाषेवर प्रबंध लिहिला, त्यावर विद्यापीठात नोकरी मिळवली आणि मग कवींना सोडून बायकांच्या मागे स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर घेऊन बसला, हे त्यांच्या विभागात कोणाच्या पचनी पडलं नाही. मागून त्यांना 'चुलीचे प्राध्यापक' म्हणायचे. अब्बांना ते कळलं तेव्हा ते खूश झाले, पाटीवर लिहून घेऊ या म्हणाले. शब्दकोशात जे शब्द कधी आलेच नाहीत ते आपापल्या घरात मरून चाललेत, एवढंच त्यांना दिसत होतं.

या शब्दांवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी कोणाचं नाव घातलं नाही, बोलणाऱ्यांना नुसते क्रमांक दिले. एक नंबर नानी. दोन नंबर तू, तिची थोरली लेक. तीन अम्मी, धाकटी. तुमच्या घरच्या या तिघींवर अर्धं पुस्तक उभं होतं.

आता मूळ गोष्टीवर येते. इथवर यायला मला तीन कागद फाडावे लागले.

तुला अब्बांची एक सवय आठवत असेल. जी कॅसेट जपायची तिच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे ते तोडून टाकायचे, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही टेप होत नाही. विभाग वर्षाला मोजून बारा कॅसेट द्यायचा, त्यामुळे बाकीच्या ते पुसून परत वापरायचे. घरात हा नियम लहानपणापासून ठरलेला होता. तुकडे असले तर घ्यायची, नसले तर हात लावायचा नाही.

अम्मीची शेवटची कॅसेट त्यांनी दवाखान्यात भरली होती. तिचे तुकडे त्यांनी तोडले नव्हते. का, ते मला आत्ता कळतंय. अम्मी म्हणाली होती, उरलेलं उद्या सांगते. तोडले तर पुढचं कशावर घेणार? तो उद्या आला नाही, आणि नंतर त्यांना तोडायचं धैर्य झालं नसावं. कॅसेट ड्रॉवरमध्ये तशीच पडून राहिली, वर काही न लिहिता.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला वक्तृत्वाची स्पर्धा जिंकायची होती. सरावासाठी कॅसेट हवी होती. ड्रॉवरमध्ये एक मिळाली. तुकडे शाबूत होते.

खाला, ती मी पुसली. अब्बांनी नाही.

अम्मी गेल्यानंतर तू आलीस त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. चहा न घेताच म्हणालीस की मला फक्त तिचा आवाज ऐकवा. अब्बा आत गेले. दाराआडून मला माझंच भाषण ऐकू आलं, 'आदरणीय परीक्षक' वगैरे. मग टेप बंद केल्याचा खटका ऐकू आला. ते बाहेर आले, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तुला म्हणाले, "आपा, माझ्या हातून पुसली गेली."

तू म्हणालीस, "तुम्हाला बायको नव्हतीच. तुम्हाला फक्त तीन नंबर होता."

मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलायचा होता, तो मी चोवीस वर्षं बोलले नाही. आधी भीती वाटली, मग लाज, आणि मग इतका उशीर झाला की गप्प बसणंच सोपं झालं. दुसऱ्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "भाषण चांगलं झालंय. फक्त शेवटी घाई करतेस." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. तो करंडक मी केव्हाच भंगारात दिला.

पुढे तू त्यांना कळवलंस, 'पुस्तकातून माझं बोलणं काढून टाका.' त्यांनी काढलं. छपाईला जायला महिना राहिला होता. एक नंबरनंतर एकदम तीन नंबर येतो, मधली जागा त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली नाही. परीक्षणांतून टीका झाली की मांडणी ढिसाळ आहे, एक प्रकरण तर अर्धवटच आहे. विभागप्रमुख निवडताना तीच परीक्षणं पुढे आली आणि त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान माणूस त्या खुर्चीत बसला. का काढलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलीचं नाव आलं असतं.

काल शेवटचा खोका उघडला. त्यात तुझ्या चिठ्ठ्या आहेत, एकही फेकलेली नाही. खाली ती कॅसेट होती. त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'मुलगी, वय सतरा'. मागचे दोन्ही तुकडे तोडलेले. मी जमिनीवर बसून पोटभर रडले.

आणि त्याखाली एक पाकीट होतं. ते तू ओळखशील. तुला पाठवलेलं, तू न उघडता परत धाडलेलं. वर अब्बांनी 'तिचं शेवटचं बोलणं, उतरवलेलं' असं लिहिलंय, आणि त्याखाली तुझ्या लाल शाईत आहे, 'मला कागद नको, आवाज हवा होता.'

पाकीट मी उघडलं, माफ कर. टेप केलेलं त्याच आठवड्यात शब्दन्‌शब्द उतरवून ठेवायची त्यांची पद्धत होती. अम्मीचं शेवटचं बोलणं त्यात पूर्ण आहे, नऊ पानं. कुठे हसली, कुठे खोकला किती सेकंद आला, कुठे पाणी प्यायली, सगळं समासात टिपलंय. शेवटच्या पानावर ती तुझ्याबद्दल बोलते. मराठी करून सांगते: 'आपाची पितळी कातर हरवली नव्हती. मी विहिरीत पाडली. मार तिनं खाल्ला, मी तिथेच उभी होते. तिला माहीत होतं की पाडणारी मीच. तरी बोलली नाही. (हसते.) एकदा तिच्यासमोर कबूल करायचंय. (खोकला, नऊ सेकंद.) बाकी उद्या.'

म्हणजे अम्मीकडून मी नेमकं हेच उचललं, आणि तुझ्यासारखे दुसऱ्याचा मार खाणारे अब्बा होते. तुम्ही दोघं चोवीस वर्षं एकमेकांशी बोलला नाहीत, तेही माझ्यापायी.

नऊ पानं सोबत जोडली आहेत. तुझ्या चिठ्ठ्या मी सोमवारी देणार नाही, त्या तुझ्या आहेत. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, त्यासाठी मी पाय धरणार नाही. पण अब्बांवरचा राग आता सोड.

आणि एक मागणं आहे. पानं मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. येत्या रविवारी दुपारी चार वाजता मी तुला फोन करेन. या वेळी ठेवणार नाही. तू काही विचारू नकोस, मला काही बोलू नकोस, फक्त शेवटचं पान वाच. जिथे हसते असं लिहिलंय तिथे जमलं तर हस.

फोन घ्यावासा वाटला नाही, तर या पत्रात चुका शोधून लाल शाईनं खुणा कर आणि परत पाठव. मोठी चूक कुठली ते मी वर लिहिलंच आहे.

तुझी भाची,
जी तेव्हा दाराआड उभी होती