बीथोव्हेनवरची लेझीम

आदरणीय खांबेटेकाका,

आपल्या दिल्लीच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी मुलांना बीथोव्हेनवर लेझीम खेळायला लावली, म्हणून तुम्ही मला लेखी माफी मागायला सांगितलंत. तीच लिहायला बसले होते.

एक कबूल करते. कार्यक्रमपत्रिकेत मी मुद्दाम नुसतं ‘लेझीम’ लिहिलं. विचारलं असतं, तर तुम्ही नाहीच म्हणाला असता.

बीथोव्हेनच्या गाजलेल्या रचनांची ती सीडी माझ्या बाबांची. हलगीवर कायम एक पाऊल मागे पडणारी देविका त्यातल्या तिसऱ्या रचनेवर पहिल्यांदा तालात आली आणि म्हणाली, “ताई, यही बजाओ ना.” मग मी तीच ठेवली.

कार्यक्रमात तुम्ही मधेच स्पीकरची वायर काढलीत. “हे आपलं नाही,” म्हणालात आणि मांडवाबाहेर गेलात. मुलं थांबून माझ्याकडे बघू लागली. तेवढ्यात देविकाने एकटीनेच पुढचं पाऊल टाकलं. बाकीची तिच्यामागून गेली. संगीत नव्हतं, तरी अकराही मुलं शेवटपर्यंत खेळली. हे तुम्ही पाहिलं नाहीत.

माफीचं एकही वाक्य मला सुचलं नाही, म्हणून हा कागद घरीच राहील. रविवारी लक्ष्मीबाई नगरात आमच्या गच्चीवर तालीम आहे. पावलं देविका शिकवणार आहे.

आपली,
मयुरा