होळीपुढे घ्यायचं नाव

वेसावे कोळीवाडा, अंधेरी
१८ जानेवारी १९८७

चि. सौ. अंजनास,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळं खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझं तोंड मात्र बाजारात दाखवायजोगं राहिलेलं नाही, आणि ही मेहेरबानी तुझ्या लेकाची.

कबड्डीचा हंगाम अर्ध्यावर आला की खेळाडूंची पळवापळवी सुरू होते, हे मला नवीन नाही. पण यंदा कहर आहे. गोवंडीवाल्यांनी आपला कोपरारक्षक एका बँकेच्या संघाला दिला आणि बदल्यात दोन पोरं घेतली, म्हणजे पापलेट देऊन मांदेली. दिंडोशीवाल्यांनी धोंडिरामला आमच्याकडे सोडला. पकड बरी आहे त्याची, पण चढाईला पाठवला की मध्यरेषा ओलांडायच्या आधीच घराची आठवण येते त्याला. ही माझी मतं मी मंडळाच्या कट्ट्यावर मोठ्याने सांगतो आणि लोक ऐकून घेतात. घेत होते, म्हणजे तुझा सहदेव जाईपर्यंत. परवा आमचा कप्तान चंद्रप्रकाश चार लोकांत मला म्हणाला की मामा, घरचं पापलेट कितीला दिलंत? सगळे फिदीफिदी हसले. मी चप्पल घातली आणि घरी आलो.

तो लहान असताना तू त्याला माझ्याकडे ठेवलास. आमच्या किनाऱ्याच्या वाळूत तो चढाई शिकला. मी दोरीपाशी उभा राहून डावा, उजवा असं ओरडायचो आणि तो विचार न करता तिकडे वळायचा, इतका माझ्या आवाजावर भरवसा. आणि आता मोठ्या स्पर्धांच्या तोंडावर आमच्या मंडळाला पाठ दाखवून तुमच्या भांडुपच्या त्या पाइप कंपनीच्या संघात गेला. मला आधी एक शब्द नाही. शेवंती म्हणते, पोराने पोटापाण्याचं बघायचं नाही तर काय करायचं. तिला खेळातलं काय कळतं!

त्याला सांग, मामाने आशीर्वाद कळवलेला नाही. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, तो घरात वाटू नकोस.

तुझा दादा,
बळवंत


भांडुप कोळीवाडा
२५ जानेवारी १९८७

ती. दादास,
अंजनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले. मग ह्यांना वाचून दाखवायला घेतलं, ते अर्ध्यावरच घडी घालून ठेवलं. मतं तुझी लहानपणापासून मोठी, पण या वेळी खेळातलं तुझ्यापेक्षा वहिनीला जास्त कळलं बघ.

आता लिहिते ते पोटात ठेव. सहदेवचा डावा गुडघा गेलाय. दिवाळीआधी सरावात पाय मुरगळला, तेव्हापासून त्या पायावर भार टाकून त्याला वळता येत नाही. उजव्या अंगाने वळून वळून निभावतो. डॉक्टर म्हणाला, हा हंगाम कसाबसा, मग खेळ विसरा. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून ह्यांच्या जाळ्यात गाळाशिवाय काही लागत नाही. कंपनी म्हणाली, आत्ताच्या आत्ता या, हंगाम पुरा खेळा, मे महिन्यात कायम करतो. पुढच्या वर्षी लंगड्या खेळाडूला कोण विचारणार होतं रे?

तुला सांगायला तो दोनदा निघाला आणि अंधेरीहून माघारी आला. मामासमोर उभं राहायची लाज वाटते म्हणाला. लाज तर मलाही वाटते. फुटकी होडी रंग लावून विकावी तसं आम्ही केलंय, दुसरं काही नाही. पण कंपनीला आता कळलं तर पोराची वाट लागेल.

अंधेरीच्या स्पर्धेत तुमची गाठ पडणार. तू येऊ नकोस असं मी म्हणणार नाही, सामन्याच्या दिवशी तुला घरात ठोकून ठेवील असा खिळा अजून बनायचाय. फक्त त्याच्या नावाने वेडंवाकडं ओरडू नकोस. दोरीपाशी तू उभा दिसलास, तरी त्याला बरं वाटेल.

वहिनीला नमस्कार. रागाने लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
अंजना


भांडुप कोळीवाडा
१७ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
अंजनाचा नमस्कार वि. वि.

रविवारी सहदेवला टेम्पोत निजवून घरी आणलं. मांडीपर्यंत प्लास्टर आहे. कंपनीचा डॉक्टर येऊन गेला. फोटो बघितल्याबरोबर त्याने ओळखलं की दुखणं जुनं आहे. काल साहेबांचा निरोप आला, आता येऊ नका. हे पोरापाशी बसून आहेत.

तू सामन्याला होतास हे कळलं. नंतर फिरकला नाहीस, म्हटलं तुला बघवलं नसेल. पण दादा, त्याच्याबरोबरची पोरं सांगतात ते ऐकून माझं डोकं फिरलंय. शेवटच्या चढाईला प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, डावा गुडघा धरा. लगेच तुमच्या चंद्रप्रकाशने खाली सूर मारला. ही गोष्ट बाहेर गेली कशी? तुझ्याशिवाय मी कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. हे म्हणतात, त्या आधीच्या डॉक्टरकडूनच फुटली असणार. सहदेवला विचारलं, तर म्हणतो, आवाज ओळखला नाही.

तू दोरीपाशीच असतोस आणि वेसाव्यातला एकेक गळा तुला ठाऊक आहे. तेवढा माणूस शोधून काढ. शिमग्याला मी माहेरी येतेच आहे. होळीपुढे त्याच्या नावाने अशी बोंब मारीन की त्याला पुन्हा किनाऱ्यावर मान वर करून चालता येणार नाही. माझ्या लेकराचं अन्न तोडलं त्याने. मला नाव तेवढं कळव.

दुसरं काही मागत नाही. तुझा लोभ हाच मला आधार.

तुझी,
अंजना


भांडुप कोळीवाडा
२१ फेब्रुवारी १९८७

ती. मामास,
सहदेवचा सा. न. वि. वि.

आईने तुला काय लिहिलंय ते तिनेच मला सांगितलं, म्हणून घाईने लिहितो.

मामा, आवाज मी ओळखला. न ओळखून कसं चालेल, त्याच आवाजावर तर शिकलो. तू डावा म्हणालास आणि मी सवयीने डावीकडे वळलो. भार त्या पायावर आला आणि गुडघा तिथेच गेला. चंद्रप्रकाशचा हात नंतर पोचला. त्याला उगाच कोणी दोष देऊ नये.

मला राग आला होता आणि अजून आहे, खोटं कशाला लिहू. पण आईला माहेर म्हणून तू एकटा उरलायस. तिला सांग की शेवटच्या चढाईच्या वेळी तू चहाला गेला होतास. मीही तिला तसंच सांगितलंय. तुला न विचारता मंडळ सोडलं ती माझी चूक होती. तेव्हा तुझ्यासमोर यायला लाजलो नसतो, तर तू चिडलाही नसतास. फिट्टंफाट झाली समज.

मामीला नमस्कार. होता तेवढा लोभ राहू दे.

तुझा,
सहदेव


वेसावे कोळीवाडा, अंधेरी
२६ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. अंजनास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी दादाचे आशीर्वाद.

तू विचारलेलं नाव कळवतो. शोधावं लागलं नाही. बळवंत.

मी चहाला गेलो नव्हतो. गप्प बसायचं असं ठरवून मैदानावर गेलो होतो, तुझं पत्र खिशात होतं. सहदेव आमचा एकेक गडी टिपत होता आणि मागून लोक म्हणत होते, मामा, बघा तुमचं पापलेट. मला त्याचा खेळ बघून अभिमान वाटत होता गं, आणि आपल्याला अभिमान वाटतोय याचीच चीड येत होती. शेवटच्या चढाईला तोंडातून निघून गेलं. निघून गेलं म्हणणं हीसुद्धा लबाडी आहे. मी ओरडलो. मला ठाऊक होतं म्हणूनच ओरडलो. तू विश्वासाने सांगितलंस आणि मी ते भर मैदानात वापरलं.

तो पडला आणि आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. अंजना, मी खाली उतरलो नाही. वरून मला तो दिसत होता. दोघंजण त्याला धरून बाहेर नेत होते. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तरी मी वरच बसलो होतो.

सहदेवने मला पत्र लिहिलंय, मी चहाला गेलो होतो असं तुला सांगावं म्हणून. ज्याचा पाय माझ्यामुळे मोडला, तो तुझं माहेर राखायला निघालाय. ते पत्र आल्यापासून आरशात बघून दाढी करायचीही लाज वाटते. काल शेवंतीला सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मंडळाची पोरं बोलवायला येतात, कोण कुठे गेला यावर मामांचं मत काय म्हणून विचारतात. मी आतून कडी लावतो. मत देण्याची अक्कल मला असती तर घरचं पोर का गेलं हे आधी विचारलं असतं.

लोभ मागत नाही. तो ठेवायचा की नाही ते तू ठरव. पण शिमग्याला ये, आणि बोललीस तशी बोंब मार. नाव घेताना दादा म्हणू नकोस. बळवंत म्हण, आपल्या बापाचं नाव लावून पुरं म्हण, म्हणजे लोकांना दुसरा कोणी वाटायला नको. मी घरात बसणार नाही. दोरीपाशी उभा राहायचो ना, तसाच होळीपुढे सगळ्यांच्या पुढे उभा असेन.

बळवंत